मनगटाआडचा चेंडू

१९०० सालच्या जुलै महिन्यात लॉर्ड्सवर मिडलसेक्स आणि लेस्टरशायर यांचा सामना चालू होता. लेस्टरशायरचा सॅम्युएल को ९८ धावांवर पोचला होता. समोर गोलंदाज होता बर्नार्ड बोझन्केट, बावीस वर्षांचा, ऑक्सफर्ड विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला. याच सामन्याच्या दोन्ही डावांत त्याच्या नावावर शतकं लागली, त्यामुळे लोकांच्या लेखी तो फलंदाजच. त्यानं टाकलेल्या एका चेंडूचे वाटेत चार टप्पे पडले. चार टप्प्यांचा तो चेंडू कोला चकवून यष्टिरक्षकाकडे गेला आणि शतकाला दोन धावा कमी असताना को यष्टिचीत होऊन परतला. सगळ्यांनी ही गंमत म्हणून घेतली. गल्लीतल्या पोरालाही लाज वाटावी असा तो चेंडू होता.

हसणाऱ्यांनी चेंडूचे टप्पे मोजले, पण मनगट कोणी पाहिलं नाही. क्रिकेटच्या इतिहासातली पहिली गुगली मोठ्या सामन्यात पडली होती, तिनं बळीही घेतला होता आणि मैदानावर ती एकाच माणसाला माहीत होती.

तिचा जन्म मैदानावर झालाच नव्हता. १८९७च्या सुमारास बोझन्केट आणि त्याचे मित्र ट्विस्टी-ट्वॉस्टी नावाचा एक बैठा खेळ खेळत. टेबलाच्या दोन टोकांना दोघांनी बसायचं. एकानं टेनिसच्या चेंडूचा टेबलावर टप्पा पाडून तो पलीकडे पाठवायचा, आणि पलीकडच्याला तो पकडता येऊ द्यायचा नाही. अशा खेळात कोणीही चेंडूला पीळ देऊ बघणारच. पण समोरचा काही आंधळा नसतो. बोटं कुठल्या बाजूला फिरली हे त्याला दिसतं आणि चेंडू कुठं वळणार ते टप्पा पडायच्या आधीच कळतं. पीळ कितीही जोरदार असला तरी तो दिसला की निम्मा वाया जातो. बोझन्केट तिथून पुढच्या गोष्टीच्या मागे लागला: हात एका बाजूचं सांगत असताना चेंडू दुसऱ्या बाजूला वळवायचा.

टेबलावर ते जमलं. मग टेनिसचा चेंडू घेऊन मोकळ्या जागेत जमवलं. मग क्रिकेटचा जड, कडक चेंडू, आणि मध्ये बावीस यार्डांची खेळपट्टी. इथं वर्षं गेली. ऑक्सफर्डमध्ये असताना तो वेगानं चेंडू टाकणारा गोलंदाज होता. फिरकीचं त्याचं हे वेड खासगी होतं. १८९९मध्ये जेवणाच्या सुट्टीत तो पाहुण्या संघातल्या चांगल्या फलंदाजाला नेटमध्ये बोलवायचा, दोन-तीन साधे लेगब्रेक टाकायचा आणि मग त्याच हालचालीनं उलटा वळणारा चेंडू सोडायचा. चेंडू फलंदाजाच्या गुडघ्यावर आदळला की बघणारे खो-खो हसायचे आणि खेळ तिथंच संपायचा. करमणूक म्हणून लोकांनी ते सोडून दिलं. मला मात्र ही गोष्ट फार मोलाची वाटते. तो आपलं गुपित चांगल्या डोळ्यांवर तपासून बघत होता, आणि बघणाऱ्यांना तपासणी चालल्याचा पत्ताही नव्हता.

हाताचं काम नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळं नाट्य तिथंच आहे. उजव्या हातानं टाकणारा लेगस्पिनर मनगट आत वळवून धरतो आणि सोडताना ते बाहेर फिरवतो. चेंडूला मुख्य पीळ तिसऱ्या बोटाचा, म्हणजे अनामिकेचा. असा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या फलंदाजाच्या पायाकडून बाहेर, स्लिपच्या दिशेनं जातो. हा लेगब्रेक. गुगलीत धाव तीच, खांद्याची फेक तीच, पीळ देणारं बोटही तेच. फक्त मनगट आणखी वळलेलं असतं, इतकं की चेंडू सुटताना हाताची मागची बाजू फलंदाजाकडे येते आणि चेंडू करंगळीच्या वरून बाहेर पडतो. पिळाचा आस फिरतो आणि बाहेर जाणारा चेंडू आत घुसतो. सगळा फरक एका सांध्यात. तोही शेवटच्या क्षणी, हाताच्या वेगात बुडालेला.

हा फरक फलंदाजाला नंतर का भरून काढता येत नाही, याचं उत्तर मिळायला जवळपास नव्वद वर्षं लागली, आणि योग असा की तेही ऑक्सफर्डमधूनच आलं. मानसशास्त्रज्ञ पीटर मॅकलॉड यांनी १९८७मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मॅटिंगच्या खेळपट्टीखाली त्यांनी लाकडी पट्ट्या घातल्या. चेंडू पट्टीवर पडला तर तो कुठल्या बाजूला उडेल हे कोणालाच सांगता येत नसे. समोर कसलेले फलंदाज उभे केले आणि चित्रफितीवरून त्यांच्या बॅटची हालचाल मोजली. टप्प्यानंतर चेंडूनं अचानक दिशा बदलली, तर बॅटची दिशा बदलायला त्यांनाही सुमारे ०.२ सेकंद लागत होते. तुम्हाआम्हाला जितका वेळ लागतो, जवळपास तितकाच. थोर फलंदाजाचे डोळे आपल्यापेक्षा झपाट्यानं काम करतात, ही आपली समजूत त्या पट्ट्यांनी मोडून काढली.

आता हिशेब करा. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास टाकलेला फिरकी चेंडू हातातून सुटून बॅटपर्यंत यायला पाऊण सेकंदाच्या वर वेळ घेतो. त्यातला टप्प्यानंतरचा भाग जेमतेम पाव सेकंद. तो बहुतेक सगळा प्रतिक्रियेतच खर्च होतो. म्हणजे टप्पा पडल्यावर बघून खेळीन म्हणणारा फलंदाज उशीर करून बसलेला असतो. त्याला आधीच ओळखावं लागतं: हातावरून, नाहीतर हवेत फिरणाऱ्या शिवणीवरून. ऑस्ट्रेलियन संशोधक ब्रूस अ‍ॅबरनेथी यांनी १९८४मध्ये याची दुसरी बाजू दाखवली होती. गोलंदाजाची चित्रफीत चेंडू सुटण्याच्या आसपास तोडायची आणि चेंडू कसा येणार हे विचारायचं. तयारीचे फलंदाज ते नवख्यांपेक्षा चांगलं सांगू शकत. थोर खेळाडूची थोरवी भविष्य वाचण्यात असते, आणि बोझन्केटनं घाला घातला तो नेमका त्या वाचनावर. हाताची लिपी तीच ठेवून त्यानं आतला अर्थ उलटा केला.

यातलं शास्त्र १९०० साली कोणाला ठाऊक नव्हतं. पण गुपिताचं मोल बोझन्केटला पक्कं ठाऊक होतं. पुढचे काही हंगाम गुगलीवर कोणी बाद झालं की तो योगायोग असल्याचं भासवत राहिला. टप्पा त्याच्या ताब्यात नसायचा, फुलटॉस पडायचे, दोन टप्प्यांचे चेंडू पडायचे. त्यामुळे योगायोगावर लोकांचा विश्वासही बसायचा. त्याचा हा ढिसाळपणा त्याच्या शोधाला आडोसा देत होता.

तो आडोसा मार्च १९०३मध्ये सिडनीला गळून पडला. लॉर्ड हॉक यांच्या नावानं गेलेला इंग्लिश संघ न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियात आला होता. न्यू साउथ वेल्सकडून व्हिक्टर ट्रम्पर खेळत होता. आदल्याच वर्षी मँचेस्टरच्या कसोटीत उपाहाराआधी शतक ठोकणारा, त्या काळचा सगळ्यांत देखणा फलंदाज. बोझन्केटनं त्याला दोन लेगब्रेक टाकले. ट्रम्परनं दोन्ही सहज, सुरेख खेळून काढले. तिसरा चेंडू त्याच हातानं, किंचित उंच आला. ट्रम्पर तितक्याच सहजतेनं खेळायला गेला. चेंडू उलटा वळून आत आला आणि त्रिफळा उडाला. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर पडलेली ही पहिली गुगली मानतात. तिथले लोक तिला कित्येक वर्षं ‘बोझी’ म्हणत.

त्या दोन लेगब्रेकांवर मी थांबतो, कारण सगळा शोध त्यांच्यात आहे. नुसती गुगली ट्रम्परनं मैदानाबाहेर भिरकावली असती. आधीच्या दोन चेंडूंनी त्याच्या मनात एक खात्री तयार केली आणि तिसऱ्यानं ती खात्री वापरली. गुगलीला आपल्या शेजारी प्रामाणिक लेगब्रेक लागतो. आणि याची उलट बाजू त्याहून मोठी आहे. गुगली एकदा पडली की त्यानंतरचा प्रत्येक साधा लेगब्रेक संशयित होतो. फलंदाज क्षणभर थबकतो, पाय अर्धवट पुढे टाकतो, बॅट उशिरा खाली आणतो. गुगली न टाकताही गुगलीचं काम होतं. पत्त्यांच्या डावात बंद हुकूम उघडायच्या आधीच सगळ्यांच्या उताऱ्यांवर राज्य करतो, तसंच हे.

पुढच्याच वर्षी, १९०४मध्ये, त्याच सिडनीला चौथ्या कसोटीच्या दुसऱ्या डावात बोझन्केटनं ५१ धावांत ६ बळी घेतले. पेल्हॅम वॉर्नरच्या इंग्लंडनं सामना जिंकला आणि त्याबरोबर अ‍ॅशेसही परत मिळवल्या. त्याआधीच्या सलग चार मालिका ऑस्ट्रेलियानं जिंकल्या होत्या. १९०५मध्ये नॉटिंगहॅमच्या ट्रेंटब्रिजवर त्यानं दुसऱ्या डावात ८ बळी घेतले आणि पुन्हा इंग्लंड जिंकलं. त्यानंतर तो जवळजवळ गोलंदाजी करेनासाच झाला. ७ कसोटी, २५ बळी. एवढ्याशा कारकिर्दीनं खेळ बदलून टाकल्याचं दुसरं उदाहरण मला सापडत नाही.

बदल सगळ्यांना रुचला नाही. नॉटिंगहॅमशायरचा आर्थर श्रूझबरी हा बचावात्मक खेळाचा आदर्श. त्यानं तक्रार केली की हे काही न्यायाचं नाही. फलंदाजी घसरली, ऑफच्या बाजूचे सुंदर फटके दिसेनासे झाले, याचं खापर पुढं कित्येक वर्षं गुगलीवर फुटत राहिलं. इतकं की १९२५च्या विस्डेन या क्रिकेट वार्षिकात तिच्या बचावासाठी बोझन्केटलाच लेख लिहावा लागला.

श्रूझबरीच्या तक्रारीला मी क्षुल्लक मानत नाही. खेळात काय लपवावं आणि काय लपवू नये, हा खरा प्रश्न आहे आणि क्रिकेटच्या नियमांनी त्याचं उत्तर फार विचारानं दिलेलं आहे. गोलंदाज उजव्या हातानं टाकणार की डाव्या, यष्टीच्या कुठल्या बाजूनं टाकणार, हे पंचानं फलंदाजाला सांगावंच लागतं. ते लपवता येत नाही. पण चेंडू कुठं वळणार हे विचारण्याचा अधिकार फलंदाजाला नाही. तिथून पुढे त्याचे डोळे आणि गोलंदाजाचं मनगट. चेंडू कुरतडणारा, बाटलीच्या झाकणानं घासणारा खेळाडू आपलं कृत्य पंचापासून लपवतो. ते उघड झालं की त्याला शिक्षा होते. गुगली टाकणारा भर उन्हात, पंचासमोर, दहा हजार डोळ्यांदेखत टाकतो. ती ओळखली गेली तर त्याला चौकार बसतो, एवढंच. पंचापासून लपवणं ही लबाडी. प्रतिस्पर्ध्यापासून लपवणं हा खेळ. बुद्धिबळाचा अपवाद सोडला तर दुसऱ्या प्रकारचं लपवणं काढून घेतल्यावर शिल्लक राहतं ते फक्त ताकदीचं आणि वेगाचं मोजमाप. आणि बुद्धिबळातही पट उघडा असला तरी बेत झाकलेलाच असतो.

गुपित मात्र एका माणसाकडे राहिलं नाही. मिडलसेक्समध्ये बोझन्केटबरोबर खेळलेला रेजी श्वार्ट्झ दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाला होता. तो त्याच्याकडून ही विद्या शिकला आणि तिकडे घेऊन गेला. त्याच्याकडून ऑब्रे फॉकनर, बर्ट व्होग्लर आणि गॉर्डन व्हाइट यांनी उचलली. जानेवारी १९०६मध्ये जोहान्सबर्गच्या मॅटिंगवर दक्षिण आफ्रिकेनं इंग्लंडला एका विकेटनं हरवलं. जिंकायला २८४ हव्या होत्या. डेव्ह नर्स आणि अकराव्या क्रमांकावर आलेला कर्णधार पर्सी शेरवेल यांनी अखेरच्या जोडीसाठी ४८ धावा काढल्या. दक्षिण आफ्रिकेचा हा पहिला कसोटी विजय. ती मालिका त्यांनी ४-१ अशी जिंकली. १९०७मध्ये हे चौघे इंग्लंडला आले तेव्हा इंग्लंडचा कर्णधार आर. ई. फॉस्टर यानं त्यांची गोलंदाजी इतकी बारकाईनं पाहिली की पुढच्या विस्डेनमध्ये तिच्यावर लेखच लिहिला.

त्या चौघांत श्वार्ट्झ सगळ्यांत नवलाचा. त्याला लेगब्रेक वळवताच येत नसे. हालचाल लेगब्रेकची, पण जवळजवळ प्रत्येक चेंडू आतच यायचा. फलंदाजाला हे ठाऊक असूनही १९०७च्या त्या दौऱ्यात त्यानं १३७ बळी घेतले. कारण उघड आहे: डोकं जाणतं, पण शरीर हाताचं ऐकतं. वर्षानुवर्षं अंगात मुरलेलं वाचन एका दिवसात पुसता येत नाही. तरीही चौघांत जास्त धोकादायक व्होग्लर समजला जाई, कारण त्याच्याकडे दोन्ही चेंडू होते.

१९०८पर्यंत गुगली छापून आली होती, कशी टाकतात ते सगळ्यांना ठाऊक होतं. गुपित फुटलं की त्याची ताकद संपायला हवी. गुगली मात्र आज सव्वाशे वर्षं टिकून आहे. तिच्यानंतर आलेली कितीतरी गूढ अस्त्रं दोन-चार हंगामांत बोथट झाली.

मेलबर्नचा जॅक आयव्हर्सन दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीत असताना टेबल टेनिसचा चेंडू अंगठा आणि दुमडलेलं मधलं बोट यांच्यात धरून उडवत बसायचा. त्यातून त्याला एक अजब पकड सापडली. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो ऑस्ट्रेलियाकडून खेळला आणि १९५०-५१च्या मालिकेत इंग्लंडचे २१ बळी १५.२३च्या सरासरीनं घेतले. त्याच हंगामातल्या एका राज्य सामन्यात कीथ मिलर आणि आर्थर मॉरिस यांनी त्याचे चेंडू ओळखून त्याला झोडपलं. त्याचा आत्मविश्वास गेला. त्या पाच कसोटींपुढे तो गेला नाही. १९५०मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडला गुंगवून वेस्ट इंडिजला तिथला पहिला कसोटी विजय मिळवून देणाऱ्यांत सॉनी रामाधीन होता. १९५७मध्ये एजबॅस्टनला पहिल्या डावात त्यानं ४९ धावांत ७ बळी घेतले. दुसऱ्या डावात पीटर मे आणि कॉलिन काउड्री यांनी त्याला ओळखायचा नाद सोडला आणि पाय पुढे टाकून पॅडवर घेत राहिले. ऑफ यष्टीच्या बाहेर पायावर आदळलेल्या चेंडूवर, फटका खेळला नसला तरी, तेव्हा पायचीत देत नसत. ४११ धावांची भागीदारी झाली. रामाधीननं त्या डावात ९८ षटकं टाकली.

आपल्या आठवणीतलं उदाहरण अजंता मेंडिसचं. कॅरमची सोंगटी मारावी तसं मधल्या बोटानं चेंडू टिचकारणारा हा श्रीलंकेचा पोरगा जुलै २००८मध्ये कराचीला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात आला आणि भारताचे ६ गडी १३ धावांत घेऊन गेला. पाठोपाठच्या तीन कसोटींत २६ बळी. द्रविड, तेंडुलकर, लक्ष्मण यांच्यासारख्यांना त्यानं अडवलं. मग त्याच्या चित्रफिती पाहिल्या गेल्या, बोटं ओळखू यायला लागली आणि दीडएक वर्षात भारतीय फलंदाज त्याला इतर कोणत्याही गोलंदाजासारखं खेळू लागले.

माझं म्हणणं असं की लपवण्याचे दोन प्रकार आहेत. एकात ‘हे काय आहे’ तेच झाकलेलं असतं. ते एकदा कळलं की संपलं. पुन्हा झाकता येत नाही. दुसऱ्यात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं, झाकलेलं असतं ते ‘आत्ता कुठलं’. हे गुपित प्रत्येक चेंडूला नव्यानं तयार होतं आणि टप्पा पडताच फुटतं. पुढच्या चेंडूला पुन्हा तयार होतं. गुगलीचा जन्म पहिल्या प्रकारात झाला आणि ती जगली दुसऱ्या प्रकारात. बोझन्केटला स्वतःला बहुधा पहिल्याच प्रकाराचा मोह होता. खरा शोध त्याच्या मागून आलेल्यांनी पुरा केला: दोन्ही चेंडू एकाच हातात सांभाळून, कुठला कधी टाकायचा याचा ठाव लागू न देता.

आणि कधी टाकायचाच नाही, हेही त्यातच आलं. १९४८च्या ऑगस्टमध्ये वॉरविकशायरचा एरिक हॉलीज ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध खेळला. पहिल्या डावात त्यानं ८ बळी घेतले, त्यांत ब्रॅडमन होता. खेळताना हॉलीजला एक गोष्ट जाणवली: ब्रॅडमनला आपली गुगली हातावरून ओळखू येत नाही. दुसऱ्या डावात त्यानं ती ब्रॅडमनला टाकलीच नाही. कर्णधार टॉम डॉलरीचाही सल्ला तसाच होता, असं सांगतात: ओव्हलसाठी राखून ठेव. बळी मिळवण्याची संधी समोर असताना हात आवरणं किती कठीण, हे गोलंदाजी केलेल्या कोणालाही कळेल. १४ ऑगस्टला ओव्हलवर ब्रॅडमन अखेरच्या कसोटीत खेळायला उतरला. प्रेक्षक उभे राहिले, इंग्लंडच्या खेळाडूंनी त्याला मानवंदना दिली. हॉलीजचा पहिला चेंडू लेगब्रेक. ब्रॅडमननं तो रोखला. दुसरा गुगली. बॅटची आतली कड घासून चेंडू यष्ट्यांवर गेला. चार धावा झाल्या असत्या तर कसोटीतली सरासरी शंभर झाली असती. ती ९९.९४वर थांबली. क्रिकेटमधल्या सगळ्यांत प्रसिद्ध आकड्यामागे आठवडाभर जपलेलं एक गुपित आहे.

आपल्याकडेही अशी एक गोष्ट ओव्हलचीच आहे, १९७१ची. अजित वाडेकर कर्णधार, भागवत चंद्रशेखर गोलंदाज, समोर जॉन एड्रिच. चंद्रशेखर गुगली टाकायच्या विचारात असताना मडगावात जन्मलेल्या, मुंबईकडून खेळणाऱ्या दिलीप सरदेसाईंनी मैदानातून त्याला ओरडून सांगितलं की याला ‘मिल रीफ’ टाक. मिल रीफ हा त्या वर्षी डर्बी जिंकलेला घोडा; भारतीय संघात त्याचं नाव चंद्राच्या वेगवान चेंडूला पडलं होतं. एड्रिचची बॅट खाली यायच्या आत त्याचा त्रिफळा उडाला होता. सगळ्यांच्या कानांवर पडलेलं गुपित एकाही इंग्रजाला कळलं नाही. चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंड १०१वर आटोपलं आणि भारतानं तिथली पहिली मालिका जिंकली.

पण गुगलीची गोष्ट सांगायची आणि सुभाष गुप्त्यांवर थांबायचं नाही, असं मराठी माणसाला करता येणार नाही. मुंबईचा हा लेगस्पिनर १९५०च्या दशकात जगातला सर्वश्रेष्ठ मानला जाई. गॅरी सोबर्स यांनी तर त्यांना शेन वॉर्नच्याही वर ठेवलं. ३६ कसोटींत १४९ बळी. झेल सोडणाऱ्या संघात आणि फारसा आधार नसताना. गुप्त्यांकडे एक नाही, दोन वेगवेगळ्या गुगली होत्या. म्हणजे एक गुगली ओळखायला शिकलेल्या फलंदाजाचं ते शिकणंच दुसरीच्या उपयोगी पडायचं. बोझन्केटनं हाताची लिपी एकदा उलटवली, गुप्त्यांनी ती दोनदा उलटवली.

डिसेंबर १९५८मध्ये कानपूरला सोबर्स, कन्हाय, हंट यांच्या वेस्ट इंडिजविरुद्ध त्यांनी एका डावात १०२ धावांत ९ बळी घेतले. कसोटीच्या डावात नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय. उरलेला एक मिळाला पहिलीच कसोटी खेळणाऱ्या वसंत रांजणेंना. लान्स गिब्जचा झेल यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्या हातून सुटला नसता तर दहाही गुप्त्यांचेच झाले असते. ताम्हाण्यांना त्या एका झेलासाठी दोष देणं मला पटत नाही. फलंदाज आणि यष्टिरक्षक दोघंही तेच मनगट वाचत असतात. पण फलंदाजाला एकदा चुकायची मुभा असते आणि यष्टिरक्षकाला दिवसभरात एकदाही नसते. गुप्त्यांसारख्याच्या मागे उभं राहायचं तर त्याचं गुपित प्रत्येक चेंडूला पुन्हा शोधावं लागतं. ताम्हाण्यांनी हे काम मुंबईसाठी आणि भारतासाठी वर्षानुवर्षं केलं, आणि तेव्हाचे जाणकार त्यांना देशातल्या उत्तम यष्टिरक्षकांत गणत.

आज प्रत्येक गोलंदाजाचं मनगट सेकंदाचे शेकडो तुकडे करून पडद्यावर दाखवता येतं. संघाबरोबर विश्लेषक असतात, फलंदाजाच्या हातातल्या टॅबलेटवर रात्रीच सगळं येतं. तरी अफगाणिस्तानच्या राशिद खानच्या गुगलीवर दर हंगामात नामांकित फलंदाजांचे त्रिफळे उडतात, कारण पडद्यावर थांबवता येणारं मनगट मैदानावर थांबत नाही.

लेगस्पिनर गोलंदाजीला आला की पुढच्या वेळी चेंडूचा नाद सोडून यष्टिरक्षकाकडे बघा. चेंडू हवेत असताना तो कुठल्या पायावर भार टाकतो ते लक्षात ठेवा, आणि मग फलंदाजाचा पाय बघा. दोघंही एकाच बाजूला गेले तर त्या चेंडूचं गुपित फुटलं. वेगवेगळ्या बाजूंना गेले तर यष्ट्यांवर नजर ठेवा.